फाइल बंद करू नये

आमच्या ह्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या खरेदी विभागात गेली. चंदीगडला येऊन अकरा वर्षं झाली, पण पंख्यापासून पेनापर्यंत काहीही घ्यायचं तर श्रीनिवास आधी तुलनात्मक तक्ता करतात. फाइल बंद झाली की ह्यांचा त्या दिवशी सण असतो. आमच्या जाईसाठी आलेली स्थळंही तक्त्यात घालायला निघाले होते, मीच कागद फाडला.

त्यामुळे ह्यांच्या मोठ्या आतड्यात चार सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतून वाढलेली मांसाची गाठ, सापडला तेव्हा मी घाबरले आणि ह्यांनी फाइल उघडली. तपासणीत कॅन्सर दिसला नव्हता, पण तसाच ठेवला तर पुढेमागे होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. काढायचा हे नक्की होतं. प्रश्न होता, कसा.

पहिल्या सर्जननी आतड्याचा तेवढा भाग कापून टाकू म्हटलं. आठवडाभर हॉस्पिटल, पुढे महिना-दीड महिना जपून. मग आम्ही आमच्या गणेश मंडळातल्या पोटविकारतज्ज्ञ डॉ. देवयानींना गाठलं. त्या म्हणाल्या, दुर्बिणीतूनच तुकड्यातुकड्यानं काढता येईल, पोटाला टाका नाही. रक्तस्रावाचा किंवा आतड्याला भोक पडण्याचा थोडा धोका असतो, आणि एखादा कण मागे राहू शकतो म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तुकड्यांत कॅन्सर निघाला तर मात्र ऑपरेशन.

दोन दिवसांत तक्ता तयार झाला. खाली शेरा होता: "ऑपरेशन योग्य. काम एकदाच होते, फाइल बंद होते." त्याखाली माझ्या सहीसाठी जागा. जाईनं वाचलं आणि म्हणाली, "पापा, यार, ये टेंडर नहीं है।"

माझं डोकं फिरलं. फाइल बंद व्हावी म्हणून आतडं कापायचं? पण ह्यांच्याशी तोंडानं भांडून उपयोग नसतो, कागदावरच भांडावं लागतं. मी लाल पेननं लिहिलं, "फेरविचारासाठी परत. दुर्बिणीला नकार का, ते तक्त्यात नाही," आणि फाइल चहाच्या कपाशेजारी ठेवली.

ह्यांनी शेरा वाचला. चहा बाजूला सरकवला.

"सहा महिने मी रोज तेच धरून बसेन, शैलजा," ते म्हणाले. "वाट बघणं मला जमत नाही. भीती वाटते."

एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस हे पहिल्यांदा बोलला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी खाली लिहिलं: "वाट बघण्याचे निम्मे काम माझ्याकडे. दुर्बीण मंजूर."

दुर्बिणीचं काम नीट झालं, तुकड्यांत कॅन्सर निघाला नाही. सहा महिने आम्ही निम्मी-निम्मी काळजी केली, आणि निम्मी काळजी खरंच कमी असते. दुसऱ्या तपासणीला पोट साफ करायचं औषध पिऊन झिरकपूरच्या आमच्या घरून येताना ट्रॅफिकमध्ये अडकायची छाती नव्हती, म्हणून आदल्या दिवशीच हॉस्पिटलजवळ सेक्टर २२ मध्ये हॉटेलची खोली घेतली. खिडकीखाली छोले-भटुऱ्यांचं दुकान होतं. हे नुसत्या वासावर बसले होते, म्हणून मीही काही खाल्लं नाही.

तपासणीत पॉलिपची जागा स्वच्छ निघाली. देवयानी म्हणाल्या, आता वर्षानं या.

खिडकीखालच्या त्या दुकानात येऊन आम्ही भटुरे मागवले. ह्यांनी पिशवीतून फाइल काढली, तारीख घातली आणि लिहिलं, "फाइल बंद करू नये. पुढच्या वर्षी दोघे हजर." खाली सहीसाठी ह्या वेळी दोन जागा आखल्या होत्या.