काल नोवु

"हललास तर परत पहिल्यापासून गुंडाळीन," मी अजितला बजावलं.

"सुचेता, माझा कॉल चालू आहे."

"मग म्यूट कर. घोड्याला कॉल येत नाहीत."

नवरा सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याचा डावा पाय स्टुलावर होता आणि मी त्या पायाला घोट्यापासून वर बँडेज चढवत होते. आधी कापूस, मग जाळीची पट्टी, मग चिकटणारी. प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर अर्धा यायला हवा. फार आवळलं तर खालचा पाय सुजतो आणि सैल सोडलं तर जनावर दोन मिनिटांत दातांनी उपसून काढतं. अजितच्या पायाला केस भरपूर असल्यामुळे सराव अगदी खऱ्यासारखा व्हायचा. दुसऱ्या दिवशी आनेकलच्या जनावरांच्या शिबिरात माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी व्हेटरिनरी टेक्निशियनचा एक वर्षाचा कोर्स करत होते. डॉक्टर नव्हे हं. डॉक्टर येण्याआधी जनावराला हात लावणारी आणि डॉक्टर गेल्यावर त्याच्याजवळ थांबणारी. नातेवाइकांना हे सांगितलं की ते म्हणायचे, "म्हणजे कंपाउंडर?" मी म्हणायचे, "हो, पण पेशंट चावतो." मग पुढचे प्रश्न यायचे नाहीत.

घरात या कोर्सचं नाव 'आईचा चौथा' असं होतं. नाव ठेवणारी अर्थातच आमची ईरा, कॉलेजात जाते, जीभ माझ्यावर गेलीय. पहिला केकचा, दुसरा योगशिक्षिकेचा आणि तिसरा आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीतला कन्नडचा, जो मी चार धड्यांत सोडला. त्याच्याही आधी बी.एस्सी. होतं, तेही दुसऱ्या वर्षाला लग्न करून पुण्याहून इथे आले तेव्हा सुटलं. थोडक्यात, पूर्ण केलेली अशी माझ्या नावावर एकच गोष्ट होती, ती म्हणजे ईराची बारावी, आणि तीही तिनंच केली. या वेळी मात्र मला पास व्हायचंच होतं. येलहंक्याच्या ज्या क्लिनिकमध्ये मी सरावाला जायचे, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नोकरीचं सांगून ठेवलं होतं, "सर्टिफिकेट घेऊन एक तारखेला या. त्यापुढे थांबता येणार नाही, दुसरी मुलगी आहे."

आणि मजा येत होती हो. किती मजा येत होती ते कुणाला सांगू असं झालं होतं. पहाटे उठून दोन बसेस बदलून येलहंक्याच्या वर्गाला जायचे, पण एक दिवस कंटाळा नाही. कुत्र्याची नाडी मांडीच्या आतल्या बाजूला लागते, हे कळलं त्या दिवशी मी सोसायटीतल्या सात कुत्र्यांच्या मांड्या चाचपल्या. सोफ्याच्या लोडाला ओढणीनं मुसकं बांधून पाहिलं. शेणाच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंताचं पहिलं अंडं दिसलं तेव्हा मी ओरडलेच, आणि त्याचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला. ऐन जेवणाच्या वेळी. दोन मावश्या ग्रुप सोडून गेल्या.

वर्गात माझ्या शेजारी देवाप्पा बसायचा. अथणीकडचा, अडतीस वर्षांचा, एका गोशाळेत चौदा वर्षं काम केलेला. मराठी आणि कन्नड दोन्ही त्याच्या घरच्याच. इंग्रजी नोट्स मी त्याला समजावायच्या आणि दोराच्या गाठी त्यानं मला शिकवायच्या, असा आमचा सौदा होता.

"अक्का, तुमी गाठ बरी मारता," तो म्हणायचा, "पन तुमाला लई घाई. जनावराला घाई कळत न्हाई."

"मला फुरसत कळत नाही. चल, किडनीचे भाग सांग."

आनेकलला आम्ही नऊ वाजता पोचलो. मैदानात मांडव, लोखंडी खोडे, औषधांची टेबलं आणि गाई, शेळ्या, कुत्री यांची ही रांग. परीक्षक म्हणून बाहेरून डॉक्टर रम्या आल्या होत्या. बारीक अंगाच्या, तिशीतल्या, हसायचं घरी ठेवून आलेल्या. त्या माझ्याशी हिंदीत बोलत, मी इथे मराठीत सांगतेय. "चार भाग," त्या म्हणाल्या. "हिस्टरी, तपासणी, जनावर धरणं, मलमपट्टी. प्रत्येक भागात वेगळं पास व्हायला लागेल. एकात गेलात तर सप्टेंबरला परत या."

हिस्टरी म्हणजे मालकाकडून जनावराची हकीकत विचारून केसपेपरवर लिहायची. जनावर बोलत नाही, म्हणून टेक्निशियनचा हा भाग सगळ्यात मोठा. मला मात्र तो सगळ्यात सोपा वाटायचा. बोलायचंच तर आहे, बोलण्यात मी कधी हरलेय?

माझ्या वाट्याला टेम्पोतून आणलेली एक काळी-पांढरी गाय आली. टेम्पोतच गवतावर बसली होती, उठायला तयार नव्हती. मालकीण पन्नाशीची, कमरेला पदर खोचलेली, घामाघूम. "एनागिदे?" मी ऐटीत विचारलं. काय झालंय? एवढं कन्नड चार धड्यांत आलं होतं.

बाई भडाभडा बोलायला लागली. आठ दिवसांपूर्वी व्यायली, हे कळलं. मग "काल नोवु, काल नोवु, एद्देळ्तिल्ला." नोवु म्हणजे दुखणं, एद्देळ्तिल्ला म्हणजे उठत नाही. क्लिनिकमध्ये ऐकून ऐकून पाठ झालेलं. ती अजून बोलतच होती, पण माझं काम झालं होतं. मी सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: आठ दिवसांपूर्वी व्यायली, कालपासून दुखतंय, उठत नाही. वेळ लिहिली आणि पेपर डॉक्टरांच्या हातात दिला. इतर मुलं अजून पहिल्या ओळीवर होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

डॉक्टरांनी वाचलं. "ताजी व्यालेली, कालपासून बसलेली. दुग्धज्वर असेल. कॅल्शियमची बाटली कोमट करायला ठेवा, तापमान घ्या, मी ते पलीकडचं वासरू बघून येते."

दुग्धज्वर मला तोंडपाठ होता. नाव ज्वर, पण ताप नसतोच, उलट अंग गार पडतं. दुधातून कॅल्शियम निघून जातं आणि गाय बसते. शिरेतून कॅल्शियम दिलं की डोळ्यांदेखत उठते. आमच्या सरांनी सांगितलं होतं की त्यासारखं दृश्य नाही. आज ते मला दिसणार होतं. मी बादलीत गरम पाणी घेतलं, बाटली बुडवली, थर्मामीटर लावला आणि पारा चढेपर्यंत गायीचा कान हातात धरला.

कान गरम होता.

दुसरा धरला, तोही गरम. नाक ओलं. आणि बाईसाहेब चक्क रवंथ करत होत्या. थर्मामीटर काढला तर एकशे तीनच्या जवळ. म्हणजे गार पडणं तर सोडाच, ताप होता. सरांनी हेही सांगितलं होतं, की कॅल्शियमची गरज नसलेल्या गायीला ते शिरेतून गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

मी मालकिणीकडे वळले. "काल नोवु?" मी परत विचारलं.

"हां, काल, काल," ती म्हणाली, आणि वैतागून स्वतःच्या पोटरीवर दोनदा चापट मारली. मग गायीच्या मागच्या उजव्या पायाकडे बोट केलं. "काल. नाल्कु दिना."

काल म्हणजे पाय. कन्नडमध्ये काल म्हणजे पाय. आणि कालच्या दिवसाला निन्ने म्हणतात, हेही मला ठाऊक होतं. दुसऱ्याच धड्यात होतं. पण बाई कन्नड बोलत होती आणि माझे कान पुण्यात बसून ऐकत होते. गायीचा पाय चार दिवस दुखत होता आणि मी लिहिलं होतं, कालपासून.

मी टेम्पोत चढले, गायीशी बोलत बोलत पायाशी गेले, खूर उचलून पाहिलं. दोन खुरांच्या मधे सुजलं होतं, आणि चिखल पुसल्यावर गंजक्या खिळ्याचं डोकं दिसलं.

खाली उतरले तेव्हा केसपेपर टेबलावर पडला होता. डॉक्टर अजून वासराशी होत्या. शेजारच्या टेबलावरून देवाप्पानं सगळं ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "अक्का, दुखतंयच्या आदी 'लेग' लिवा. जागा हाय. कुनाला काय कळतंय."

जागा होती खरी. समासाला लागून तीन इंग्रजी अक्षरांपुरती. तेवढं लिहिलं की झालं, 'पाय कालपासून दुखतोय'. पूर्ण मार्क नाहीत, पण पास. एक तारीख, येलहंका, क्लिनिकचा निळा कोट. मी पेन उघडलं सुद्धा. खोटं कशाला बोलू, टोक कागदाला टेकलं होतं.

पण 'काल' तसाच राहणार होता ना. कालची जखम आणि चार दिवसांची जखम यांत फरक आहे. चार दिवसांत पू आत उतरतो. डॉक्टर वरवर धुऊन सोडतील, आणि आठवड्यानं ही बाई परत टेम्पो करून येईल, किंवा येणारही नाही.

केसपेपरवर गिरवागिरवी चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं, सही करायची, वेळ टाकायची. मी 'कालपासून दुखतंय' वर रेघ मारली. बाजूला लिहिलं: मागचा उजवा पाय, चार दिवस, खुरांमध्ये खिळा, ताप. मग सही केली. घड्याळ बघून दहा वाजून सत्तावीस मिनिटं लिहिली आणि डॉक्टरांकडे गेले.

"मॅडम, बाटली तयार आहे, पण देऊ नका. मी हिस्टरी चुकीची लिहिली होती."

त्यांनी रेघेखालचं वाचलं, रेघेशेजारचं वाचलं. "चूक कशी झाली?"

"मराठीत काल म्हणजे यस्टरडे."

त्या पेपर घेऊनच निघाल्या. मग टेम्पोत चढल्या, स्वतः कान धरले, खूर पाहिलं. "कॅल्शियम मी तपासल्याशिवाय दिलं नसतंच," त्या म्हणाल्या. "पण सगळे डॉक्टर तपासतात असं नाही. धरा पाय."

मी पाय धरला. आयुष्यात इतकं घट्ट काही धरलं नसेल. चिमट्यानं खिळा निघाला तेव्हा त्याच्या मागून पू आला, बराच आला, आणि वास असा की देवाप्पानंसुद्धा तोंड फिरवलं. मी धुतलं, औषध भरलं, कापूस, जाळी, चिकटणारी पट्टी. प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धा. डॉक्टरांनी बोट घालून ताण पाहिला. बरोबर होता.

मग आम्ही बाजूला झालो. गायीनं आधी मागचा भाग उचलला, थोडी लटपटली, आणि उभी राहिली. मला वाटतं मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. मालकिणीनं माझ्याकडे न बघता गायीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला उतरवायला फळी लावली.

"तपासणी, धरणं, मलमपट्टी, तिन्हीत तुम्ही वर्गात पहिल्या आहात," डॉक्टर रम्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "हिस्टरीत शून्य. डॉक्टरच्या हातात पहिल्यांदा गेली तीच हिस्टरी. सप्टेंबर."

"हो मॅडम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बरोबरच होतं त्यांचं.

मांडवामागे जाऊन मी येलहंक्याला फोन लावला. डॉक्टरीणबाई वाईट वाटलं म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या, आणि दुसऱ्या मुलीला घेतो म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी पाण्याच्या टाकीशी उभी राहून चांगली पाच मिनिटं रडले. वर्षभर मनात तो कोट घातला होता मी. तेवढ्यात ईराचा मेसेज आला, 'पास?' मी टाइप केलं, 'एका भागात राहिले. सप्टेंबरला परत.' बराच वेळ ती काहीतरी लिहीत होती आणि खोडत होती. शेवटी आलं, 'म्हणजे सोडला नाहीस.' त्यापुढे चेष्टेचं एकही चित्र नव्हतं.

तोंड धुऊन परत आले तर देवाप्पा वाट बघत होता. तो चारही भागांत पास झाला होता. "लई वंगाळ झालं बगा अक्का," तो म्हणाला. "आता मार्क न्हाईत, मग चला की घरी. बस हाय बाराची."

रांगेत अजून वीसेक जनावरं होती आणि टेबलाशी दोनच मुलं उरली होती. मी हातमोजे बदलले आणि नवा केसपेपर घेतला. डॉक्टर रम्यांनी मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

समोर एक म्हातारा शेळी घेऊन उभा होता. तोंडात दात नाहीत, बोलणं झरझर, त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं. "स्वल्प निधान," मी म्हटलं. जरा सावकाश. "एल्ली? कैयल्ली तोरिसि." कुठे ते हातानं दाखवा.

तो शेळीच्या मानेपासून पोटापर्यंत हात फिरवत, मधेच थांबत, पुन्हा मागे जात सांगत राहिला. त्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत मी एक अक्षर लिहिलं नाही.