डबी कुणाजवळ राहावी

आता तोझरच्या खजुराच्या बागांत लोखंडी शिड्या आल्या. काही ठिकाणी तर यंत्राच्या पाळण्यात उभं राहून घड कापतात. गमरा नावाच्या बाईची ही गोष्ट; तिच्या वेळी खजूर माणसांच्या हातांवरून उतरायचा. झाडाच्या शेंड्यात एक कापणारा, त्याच्या खाली खोडाला बिलगून एकाखाली एक गडी, आणि कापलेला घड हातोहात खाली यायचा. घड टाकायचा नाही. आपटला की खजूर फुटतो, आणि फुटका खजूर शेळ्यांच्या वाट्याला जातो. शेंड्यातला गडी वर गात असे, खालचे त्याला साथ देत. ज्या घरातला माणूस शेंड्यात, त्या घरातली बाई कान तिकडे लावून काम करी. शब्द कळले नाहीत तरी चाले. आवाज येत राहिला म्हणजे झालं.

गमराचा नवरा लझहर शेंड्यातला गडी होता. आणि बागेत कुणी पडलं, कापलं, काटा डोळ्यात गेला, विंचू चावला, की आधी हाक जाई ती गमराला. दवाखान्याने गावातल्या काही बायकांना प्रथमोपचार शिकवले होते, त्यांत ती. कारण दवाखान्याची गाडी बागांत शिरत नसे. पाटाच्या कडेच्या पाऊलवाटा एवढ्या अरुंद, की गाढव आणि माणूस समोरासमोर आले तर एकाला पाण्यात उतरावं लागे, आणि बहुतेक वेळा माणूसच उतरे.

तोडणी सुरू व्हायच्या आदल्या दुपारी गमराने अंगणात चटई टाकून पिशवी पालथी केली. पिशवी खाकी कापडाची, पाठीला लावायची. नेहमीचा प्रश्न होता, काय घ्यायचं आणि काय ठेवायचं. सगळं घेतलं तर धावता येत नाही, आणि जे ठेवावं त्याचीच नेमकी गरज लागते. लाकडी फळ्या तिने बाजूला काढल्या. हाड मोडलं तर बांधायला झावळीचे दांडे बागेत पडलेलेच असतात. काटे काढायचा चिमटा घेतला. पट्ट्या दुप्पट घेतल्या, मग थोड्या काढल्या, मग पुन्हा भरल्या. डोळे धुवायला पाण्याची बाटली. पाटाचं पाणी चालणार नाही, त्यात गाढवं उतरतात.

"दुकान मांडलंस की काय?" लझहर दारातून आत येत म्हणाला. "मला एक किलो पट्ट्या दे. गोड आहेत ना?"

गमराने हसायचं टाळलं. तिच्या मांडीवर एक छोटी पत्र्याची डबी होती. तिच्यावर नजर पडताच त्याचं हसू गेलं.

मागच्या तोडणीला लझहरच्या मानेला गांधीलमाशी चावली होती. जन्मभर चावत आल्या होत्या, पण त्या खेपेला ओठ सुजले, डोळे मिटले, गाण्याऐवजी गळ्यातून नुसती शिट्टी यायला लागली. खरबुजवाल्याची गाडी वाटेत सापडली म्हणून दवाखाना गाठता आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुढच्या वेळी एवढाही वेळ मिळणार नाही. त्यांनी डबीत औषधाची एक काचेची कुपी आणि सुई घालून दिली, गमराकडून उशीवर पुन्हा पुन्हा सराव करून घेतला. आणि वर बजावलं, "ही तुझ्या पिशवीत ठेवू नकोस. त्याच्या अंगावर राहू दे. तू नेमकी दुसऱ्या बागेत असशील."

"कमरेला बांध ही," गमरा म्हणाली.

"मरण कनवटीला लावून झाड चढू?"

"मग चढूच नकोस. हादीच्या बापा, तुझं वय झालं."

"आणि वर कोण जाईल? तुझा भाऊ? त्याला खाटेवर चढताना घेरी येते."

"चेष्टा पुरे. बांधतोस का?"

"तिजानीबाबाने पाहिली तर टोळी काम सोडून घरी जाईल. माहीत आहे तुला."

माहीत होतं. म्हातारा तिजानी टोळीचा मुकादम. त्याचं म्हणणं, औषध दिसलं की दुखणं वाट विचारत येतं. गमराची पिशवीसुद्धा तो झाडांखाली येऊ देत नसे. तिने दूर, पाट ओलांडायच्या लाकडी फळीजवळ बसायचं, हा त्याचा नियम.

गमराने डबी पिशवीत ठेवली. पाणी भरायला गेली, अर्ध्या वाटेतून परत आली, डबी बाहेर काढली. पिशवीत ठेवावी तर ती पिशवीबरोबर फिरणार, आणि पिशवी साऱ्या बागांची. त्याला द्यावी तर तो कोनाड्यात टाकून जाणार. त्या रात्री तिला झोप अशी लागलीच नाही.

पहाटे तिने कांदा आणि चरबी भरलेल्या रोट्या भाजल्या. दोन रोट्यांच्या मधे डबी ठेवली आणि फडक्याची पुरचुंडी घट्ट बांधली. जेवणाच्या वेळी तो उघडील, पाहील, चिडेल. चिडू दे. तोवर ती त्याच्यापाशी तर असेल. औषधाला ऊन लागू नये एवढंच तिला पक्कं आठवत होतं, म्हणून ती म्हणाली, "हे उन्हात ठेवू नकोस हं. थंड जागा बघ. सारण आंबेल."

"बरं बाई. रोटीची एवढी काळजी! कधी माझीही करत जा."

डबीची गोष्ट गमराने कुणालाच सांगितली नाही, आणि पुढे सगळं त्यावरच आलं.

फळीजवळ ती बसली तेव्हा तिजानी लांबूनच ओरडला, "पोरी, अजून मागे! तुझी पिशवी मला इथून दिसते."

"तुमची नजर एवढी चांगली आहे, तर वर तुम्हीच चढा ना, बाबा!"

टोळी हसली. लझहरने सर्वांत उंच झाड धरलं. थोड्याच वेळात वरून गाणं सुरू झालं. गमराने पिशवी मांडीवर घेतली, बंद सोडला, पट्ट्या चाचपल्या, बंद बांधला. मग पुन्हा सोडला.

ऊन चढलं तेव्हा पाटापलीकडच्या बागेतून हाक आली. तिथल्या मालकाच्या सुनेच्या, बेयाच्या, तळहातावर विळा फिरला होता. गमरा उठली. वर पाहिलं, झावळ्यांत लझहर दिसत नव्हता, आवाज येत होता. तिला जावं लागलं.

बेयाच्या हातातून रक्त उड्या मारत होतं. गमराने पट्टीची घडी दाबून धरली, हात डोक्याच्या वर धरायला लावला. "तोंड तिकडे फिरव. सासूची उणीदुणी सांग, वेळ जाईल."

"ती इथेच उभी आहे, खाला."

"मग माझ्या सासूची ऐक," असं म्हणत गमरा पट्टीचे वेढे घालत होती. एक कान गाण्याकडे. घड उतरवायची ओळ, मग साथ, मग पुन्हा ओळ. शेवटचा वेढा घालताना साथ आली आणि ओळ आली नाही.

पाणी प्यायला थांबला असेल. तिने गाठ मारली. अजून ओळ नाही. मग ओरडा झाला, एकदम बऱ्याच जणांचा.

गमरा धावली. पाठीवर पिशवी आदळत होती, पाण्याची बाटली कण्याला लागत होती. फळीपाशी तिने पिशवी खांद्यावरून ओढून खाली टाकली. जे हवं होतं ते तिच्यात नव्हतंच.

लझहर झाडाखाली बसला होता, खोडाला टेकून. स्वतःच उतरला होता कसाबसा. कानामागे दोन लाल गाठी, ओठ फुगलेले, मानेवर चट्टे. श्वासाला तीच शिट्टी. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हात उचलायचा प्रयत्न केला.

"पुरचुंडी!" गमरा ओरडली. "त्याची रोटीची पुरचुंडी कुठे आहे?"

गडी एकमेकांकडे बघू लागले. हिला भूक लागली की वेड?

"रोट्यांत औषध आहे! सुई आहे! कुठे ठेवली त्याने?"

लझहरने बोट वर केलं.

उंच शेंड्यात, झावळ्यांच्या गर्द सावलीत, वाऱ्याच्या झोतात ती पांढरी पुरचुंडी लटकत होती. थंड जागा. त्याने तिचं ऐकलं होतं. आणि तिच्याभोवती गांधीलमाश्या घोंगावत होत्या.

क्षणभर कुणी हललं नाही. गमराने तिजानीकडे पाहिलं. दुखण्याला वाट दाखवणारी तीच, असं तो आता म्हणणार, म्हणू दे, पण आधी कुणीतरी चढू दे. म्हाताऱ्याने डोक्याचा पंचा सोडला, तोंडाभोवती गुंडाळला आणि खोडाला हात घातला.

"बाबा, तुम्ही नको!"

"गप्प. तुम्ही खाली रांग लावा. घड उतरवतो तशी."

तो चढला. वर्षानुवर्षं न चढलेला माणूस, पण पायांना खोडाच्या खाचा आठवत होत्या. त्याच्यामागे बाकीचे चढले, एकाखाली एक. गमरा लझहरचं डोकं छातीशी धरून मोजत होती, श्वास नाही, श्वासांमधली शांतता. ती लांबत चालली होती.

वरून म्हाताऱ्याची शिवी ऐकू आली. मग दुसरी. मग, "सुटली! धरा! आपटू नका, काच आहे!"

पुरचुंडी खाली येऊ लागली. एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अगदी उत्तम घड उतरवावा तशी. कुणी घाई केली नाही. घाई करता आली असती, पण ह्या हातांना टाकणं ठाऊकच नव्हतं. शेवटच्या गड्याने ती गमराच्या ओंजळीत ठेवली.

तिने फडकं दातांनी फाडलं. रोट्या धुळीत पडल्या. कुपीची मान मोडली, सुई भरली, आणि कापडावरूनच मांडीत टोचली. उशीने शिकवलेलं हात विसरला नव्हता.

मग काहीच करायचं उरलं नाही, आणि तेच सर्वांत कठीण होतं. ती त्याच्या गळ्याकडे बघत बसली. शिट्टी येत होती. शिट्टी येत होती. मग शिट्टीच्या मागून थोडा श्वास आला, मग आणखी थोडा. त्याने डोळे किलकिले केले, धुळीतल्या रोट्या पाहिल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सारण... आंबलं का गं?"

गमरा तेव्हा रडली.

गाढवावर घालून त्याला दवाखान्यात नेलं, रात्रभर तिथेच ठेवलं. तिजानीला सहा ठिकाणी चावा बसला होता, पण त्याला नुसती सूज आली आणि सांगायला एक गोष्ट मिळाली.

दोन दिवसांनी म्हातारा घरी आला. हातात कातड्याचा छोटा बटवा, लाल दोऱ्याने शिवलेला, गळ्यात घालायचा. "नवी डबी दिली असेल बाईंनी. दे इकडे." डबी आत घालून त्याने बटव्याचं तोंड फासाने आवळलं. मुलांच्या गळ्यात असतो तसा तो ताईत दिसू लागला.

"औषधाला मी हात लावत नाही," तो म्हणाला. "पण ताईत वेगळा. ताईत घालून चढायला माझी हरकत नाही. आणि आत काय आहे ते सगळ्या टोळीला सांगून ठेव पोरी. लपवलेला ताईत चालत नाही."

पुढची तीन वर्षं, चढणं सोडेपर्यंत, लझहर तो घालून चढला. गमराची पिशवीही झाडाखाली आली, तिजानी तिच्याकडे पाठ करून बसे, एवढंच. पण तोडणीच्या दिवसांत गमराचा हात पट्ट्या चाचपत राही आणि कान शेंड्याकडे. आणि लझहर मधेच थांबला की खाली कुणीतरी, बहुतेक वेळा तिजानीच, ओरडे, "अरे गा की! खाली बाई कान लावून बसली आहे!"