माडीवरून खाली आलेला माग

"दिलेली वस्तू देणाऱ्याला परकी होऊ द्यायची नाही. माणूस कधीही आला आणि 'माझी वस्तू दाखवा' म्हणाला, तर त्याला दारात ताटकळत ठेवायचं नाही," असं मास्तर सांगायचे. आमचं हे गावापुरतं संग्रहालय त्यांनीच उभं केलं. ते गेले आणि किल्ली माझ्याकडे आली.

संग्रहालय म्हणजे वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या. त्यांतल्या एकीच्या भिंतीला ओल धरली, तेव्हा तिथलं सगळं सामान दुसरीत आणलं. आता खोलीत शिरायचं तर आडवं होऊन, पोट आत घेऊन. रोज दार उघडलं की आधी हात जोडायचे आणि एक तरी वस्तू स्वतःच्या हाताने पुसायची, हा माझा नेम. देवाने जागा कमी दिली खरी, पण वस्तू भरभरून दिल्या. उलटं झालं असतं तर रिकाम्या खोल्या झाडत बसावं लागलं असतं.

खोलीच्या मधोमध एक हातमाग होता. होता म्हणजे दिसत नव्हता. एवढी भक्कम चौकट, म्हणून अडचणीच्या दिवसांत आम्ही तिच्यावर फळ्या टाकल्या होत्या. फळ्यांवर कंदील, वजनं-मापं, शाळेची घंटा, दाईची पेटी. "हे फडताळ छान आहे, कुठे करून घेतलंत?" असं लोक विचारत.

एके दिवशी दुपारी एक बाई धापा टाकत जिना चढून आल्या.

"ताई, आमच्या सासूबाईंनी तुम्हाला माग दिला होता ना? त्यांना तो बघायचाय."

"या की घेऊन. कधीही या."

"त्यांचे गुडघे हा जिना चढणार नाहीत हो. आणि थांबायला वेळ नाही. नजर भराभर चाललीय. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या. मी विचारलं, लेकीकडे जायचं का, कुठे फिरायला जायचं का? तर म्हणाल्या, मला माझा माग दाखव."

"परवा घेऊन या," मी म्हणाले. "माग खाली आलेला असेल."

त्या गेल्यावर मात्र मी जिन्याशी जाऊन उभी राहिले. माग वर चढला तेव्हा जिन्याच्या वळणावर पाण्याची टाकी नव्हती. आता होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी जिना पाहिला, टाकी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमचं देवाशी बोलणं असतं म्हणे रोज. त्याला विचारा, लाकूड वाकवून देतो का."

"त्यानेच तुम्हाला पाठवलं."

"घ्या! म्हणजे माझं मजुरीचंही बोलणं खुंटलं," असं म्हणत काकांनी हातोडी काढली.

फळ्या उतरल्या. घंटा, कंदील, पेटी, सगळं मी पुसून ओलीच्या खोलीत, भिंतीपासून लांब मांडलं. माग उघडा झाला. मग एकेक पाचर ठोकून सुतारकाकांनी सांधे सुटे केले. लहान भाग जिन्याने उतरले. लांब तुळया खिडकीतून दोराने सोडल्या, आणि त्या झेलायला पेपर वाचत बसलेली मंडळी चष्मे कपाळावर ढकलून धावली. "हळू, हळू! बातम्या वाचायला हात लागतात आम्हाला!" असा खाली गिल्ला.

माग उभा राहिला तो वाचनालयाच्या बोळवजा प्रवेशात. दुसरी जागाच नव्हती. ग्रंथपाल भाऊ कमरेवर हात ठेवून उभे.

"ताई, माणसांनी काय उडी मारून आत यायचं?"

"भाऊ, उद्या संध्याकाळपर्यंतच."

"संध्याकाळ म्हणजे संध्याकाळ. वर कसा न्यायचा ते तुम्ही आणि तुमचा देव बघा."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आजी आल्या. सुनेचा दंड धरून, पाय घासत. मागापाशी आल्यावर त्यांनी सुनेचा हात सोडला. चेहरा लाकडाला लागेल इतक्या जवळ नेला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तशाच सरकत गेल्या.

"वाळलास रे," त्या मागाला म्हणाल्या. "पण वाकला नाहीस. माझ्यापेक्षा बरा."

मग त्यांनी बसायच्या फळीवरून तळवा फिरवला. फळीला मध्यभागी झिजून खोलगा पडला होता. "हा माझ्या सासूबाईंचा. बाई भारदस्त होती. मी जन्मभर विणलं, पण माझ्याने हा खोलगा कधी भरला नाही." त्यांनी सुनेकडे मान वळवली. "तू बस बघू."

"अहो, मी कशाला? मला साधा टाका घालता येत नाही."

"टाका नाही विचारला. बस."

सून लाजत बसली. अगदी बेतशीर बसली, खोलगा पुरेपूर भरला. पेपरवाली मंडळी हसली, तीही हसली.

"हलू नकोस," आजी म्हणाल्या. "तशीच बस. बघू दे मला."

आणि त्या बघत राहिल्या. मी मनातल्या मनात त्या जिन्याचे, त्या टाकीचेसुद्धा आभार मानले. माग वरच राहिला असता, तर हे कुणाला दिसलं असतं?

निघताना आजींनी विचारलं, "पुन्हा आले तर चालेल ना? दिसेनासं झालं तरी हाताला कळेल."

संध्याकाळ व्हायला आली होती. सुतारकाका दोर घेऊन भिंतीशी उभे होते. मी भाऊंकडे पाहिलं नाही. गळ घातल्यासारखं झालं असतं.

"या, काकू," भाऊच बोलले. "माग खालीच असेल. तुमच्यासाठी मी जागेचं बघतो."

सुतारकाका माझ्या कानाशी पुटपुटले, "झालं. 'बघतो' म्हणाले म्हणजे पुढच्या जन्मी." पण त्यांनी दोर गुंडाळून पिशवीत टाकला. त्या रात्री माग बोळातच राहिला.

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर आले. बोळाच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला, भाऊंची एक खोली आहे. जुन्या मासिकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. तिथे ते कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत. तिचं दार सताड उघडं होतं. डोक्याला पंचा गुंडाळून भाऊ छत्रीने दाराची रुंदी मोजत होते. माझी चाहूल त्यांना लागली नाही. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, पहिला गठ्ठा छातीशी धरला आणि तो अंगणातल्या उन्हात ठेवायला निघाले.