कण्यावर उभे केलेले बायबल

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसे खिडक्यांत चढून बसली. उपदेशकाने डोळ्यांवर काळी पट्टी बांधली, जाडजूड बायबल टेबलावर शिवणीच्या बाजूने, कण्यावर उभे केले आणि हात सोडले. ग्रंथ आपोआप उघडला. उपदेशकाचे बोट हवेत गरगरले, पानावरून घसरले आणि एका ओळीवर थांबले.

"वाचा!" तो गरजला. "मी कोण सांगणारा? मी नुसता पोस्टमन! पत्र वरून आलंय!"

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याने वाचले. एका राजाचे पाय दुखू लागले, पण परमेश्वराला सोडून त्याने वैद्यांकडे धाव घेतली.

"आणि पुढे काय झालं त्याचं?"

"मेला," म्हातारा पुटपुटला.

सभा शहारली. व्यासपीठापाशी ठेवलेल्या टोपलीत औषधांच्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटे पडू लागली.

मागे शाळेच्या बाई उभ्या होत्या. आठवड्यापूर्वी याच टोपलीत त्यांच्या धाकट्या बहिणीने लेकीच्या फिट्सच्या गोळ्या टाकल्या होत्या. काल ती पोर स्वयंपाकघरात तोंडावर आपटली. पुढचा दात गेला, ओठाला टाके पडले. तरी धाकटीचे आपले एकच पालुपद: "ताई, पट्टी बांधलेल्या माणसाचं बोट नेमकं त्याच ओळीवर कसं पडलं, ते सांग. मग देते गोळ्या."

म्हणून बाई आज तिला घेऊन आल्या होत्या. आजही तीच ओळ निघाली, तेव्हा त्या तडक पुढे गेल्या.

"मलाही विचारायचंय. आमच्या शाळेचं छप्पर गळतं. ते कधी दुरुस्त होईल?"

लोक खुदखुदले. उपदेशकाने पट्टी वर सरकवली. "शंकेखोरांना ग्रंथ उत्तर देत नाही, भगिनी!"

"मग मीच विचारून बघते." तो नको नको म्हणेपर्यंत बाईंनी ग्रंथ कण्यावर उभा करून सोडलासुद्धा. तेच पान उघडले. पुन्हा सोडला, पुन्हा तेच.

"घ्या! छपराचं विचारलं तरी राजाचे पायच दुखतायत!" बाईंनी धाकटीला जवळ ओढले. "बघ, दाबून दाबून कणा इथंच मोडलाय. आता डोळे मीट आणि समासात बोट फिरव."

धाकटीचे बोट अडखळले. ओळीच्या कडेला डिंकाचा वाळलेला थेंब होता.

उपदेशक मात्र वस्ताद. "पुस्तक जुनं असेल! पण शब्द तर खरा ना? वैद्यांकडे गेला तो मेला, लिहिलंय की नाही?"

सभा पुन्हा त्याच्याकडे झुकली. धाकटीही.

"लिहिलंय," बाई म्हणाल्या. "पण शाळेत आम्ही विचारतो, संदर्भासह स्पष्टीकरण द्या. कोणाबद्दल लिहिलंय? त्याआधी काय घडलं होतं?"

त्यांनी मागचे पान उलटून खणखणीत आवाजात वाचले. या राजाने मंदिरातले सोने-रुपे परक्या राजाला देऊन त्याचे सैन्य आपल्या बाजूला वळवले. त्याची चूक दाखवणाऱ्या, देवाचा निरोप आणणाऱ्या संदेष्ट्याला त्याने कोंडले, प्रजेला छळले. लिहिणाऱ्याचा राग होता तो या मुजोरीवर. मग बाईंनी दुसरा राजा काढला. त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला खुद्द संदेष्ट्यानेच सांगितले होते, आणि तो राजा बरा झाला होता.

"हे पान तुमच्या बोटाला कधीच कसं सापडलं नाही, पोस्टमन?"

उपदेशकाने पुस्तक हिसकावले आणि मागच्या दाराने पोबारा केला. काही जण बाईंनाच शिव्या देत निघून गेले. बाकीचे मान खाली घालून टोपलीत आपापली औषधे शोधू लागले. धाकटीच्या गोळ्या आता तिथे कुठल्या असणार? तिला रडू कोसळले.

"रोज सकाळी आपण डब्यातून बायबलच्या एका वचनाची चिठ्ठी काढतो, ताई. त्या ओळीच्या मागे-पुढे काय आहे, एकदाही बघितलं नाही मी."

"आता बघ. श्रद्धा ठेव, कोण नको म्हणतंय? पण अख्खं प्रकरण वाच. आणि फिट्सचं डॉक्टरला विचार."

दोघी तशाच डॉक्टरांकडे गेल्या. नव्या गोळ्या घेऊन घरी आल्या तर पोर टाके सांभाळत पेज पीत होती.

"आई, आता मी नाही ना पडणार?"

गोळ्यांचा जम बसायला काही दिवस लागतील, असे डॉक्टरांनी बजावले होते. धाकटीला "नाही" म्हणवेना. तिने गोळी दिली आणि ती लेकीचा हात घट्ट धरून बसली.

एक पान मागे उलटायला कितीसा वेळ लागतो? तो आईने काढला नाही आणि दात लेकीचा गेला. कोणी एक ओळ दाखवून तुमचे औषध टाकायला सांगितले, तर पुस्तक त्याच्या हातातून घ्या आणि स्वतः वाचा.