कान दुमडून धर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कंगवा आहे आणि गार असलो की कुणाच्याच कामाचा नाही. मला गॅसवर तापवतात, कुरळ्या केसांतून ओढतात, म्हणजे केस सरळ होतात. माझी लाकडी मूठ एका बाजूने जळून काळी पडली आहे.

जमैकातल्या एका लोहाराने मला घडवले. क्लारिस बोटीने इंग्लंडला निघाली तेव्हा तिने मला चर्चच्या झग्यात गुंडाळून आणले. लीड्समधल्या तिच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी एका शेगडीवर भोपळ्याचे सूप रटरटायचे आणि दुसरीवर मी तापायचो. पुढ्यातल्या स्टुलावर तिची मुलगी डेलरोझ बसायची. रविवारी चर्चमध्ये पोरीचे केस नीट दिसले नाहीत, तर बायका आईलाच नावे ठेवायच्या.

"ममा, भाजतंय!"

"वाफ आहे ती. कान दुमडून धर. आणि रडतेस काय, गा!"

गाणारे मूल हुंदक्यांनी हलत नाही, हे क्लारिसला ठाऊक होते. डेलरोझ भजनातला एक सूर धरायची आणि तो संपेपर्यंत मी मुळापासून टोकापर्यंत उतरायचो. केस वाढले तसा सूरही लांबला. पुढे ती सोल संगीताची, म्हणजे चर्चच्या भजनांतूनच निघालेल्या गाण्यांची, नावाजलेली गायिका झाली. एवढा दम कुठून आणलास, असे लोक विचारायचे. ती नुसती हसायची. माझे नाव तिने कधी घेतले नाही.

रेकॉर्ड काढणाऱ्यांना तिचा आवाज हवा होता, पण केस मात्र सरळच हवे होते. म्हणून मीही तिच्याबरोबर गावोगाव हिंडलो. आरशात बघून ती पुटपुटायची, "ही बाई कोण?" एक दिवस तिने डोके भादरले आणि मला टपालाने आईकडे धाडून दिले. त्याच आठवड्यात ती टीव्हीवर म्हणाली, "लहानपणी मला माझ्याच केसांची लाज शिकवली."

क्लारिस मला हातात घेऊनच बघत होती. "लाज? माझे हात म्हणजे लाज?" तिने टीव्ही बंद केला आणि मला खणात टाकले. फोन वाजत राहायचा, ती उचलायची नाही. वर्षे गेली. मला गंज चढला.

मग क्लारिसला विसर पडू लागला. दर शनिवारी ती मला काढून तापवायची आणि शाळेतून यायच्या मुलीची वाट बघायची. एकदा पडदा पेटला. तेव्हा शेजारच्या मार्वाने डेलरोझला कळवले, "ये बाई आता, नाहीतर ही स्वतःला जाळून घेईल."

एका शनिवारी, मी जाळावर असतानाच, डेलरोझ आली. डोके तसेच भादरलेले.

"कोण हवंय, दादा?" क्लारिसने विचारले.

"ममा, मी डेलरोझ."

"खोटं नका बोलू. तिला केस आहेत. मी विंचरलेत."

डेलरोझ जाऊन स्टुलावर बसली. क्लारिसने मला जाळावरून उचलले. मित्रांनो, मी लालभडक झालो होतो, तिचा हात थरथरत होता आणि खाली उघडे डोके होते! मला मनात आणून गार होता येत नाही.

"क्लारिस, ठेव ते!" दारात उभी असलेली मार्वा ओरडली. डेलरोझने हातानेच तिला थांबवले आणि सूर धरला. तोच, भजनातला.

हात स्थिर झाला. मी हवेतून उतरू लागलो, कातडीपासून बोटभर दूर, जिथे पूर्वी केस होते तिथून. डेलरोझचा दम आता म्हातारा झाला होता. गालांवरून पाणी वाहत होते, तरी ती सूर सोडीना. तो तुटला तर मी कुठे पडेन, हे तिलाही कळत होते. शेवटी श्वास संपला. मी कानाजवळ येऊन थांबलो.

"कान दुमडून धर गं, डेल," क्लारिस म्हणाली.

डेलरोझने कान दुमडून धरला. "धरला, ममा."

क्लारिसने मला खाली ठेवले. मग तिच्याकडे बघून नम्रपणे विचारले, "दादा, सूप घेणार का थोडं?"

आता गॅस तोडला आहे. डेलरोझ दर शनिवारी येते, स्टुलावर बसते, गाते. गार असलेला मी हवेतून फिरतो. 'डेल' हे नाव मात्र क्लारिसच्या तोंडी पुन्हा आलेले नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझा गंज घासला की निघतो. पण तुमच्या डोक्यावरून फिरलेल्या हातांशी भांडण असेल, तर ते हात तुम्हाला ओळखतात तोवरच जाऊन भांडा.