आठ नंबरची जोझेफा

“अगं, ती माशांची टोपली नाही! आपटत ने, आपटत!”

एर्मेलिंडाबाई मैदानाच्या कडेवरून ओरडल्या. चेंडू कमरेला दाबून पळत सुटलेली जोझेफा थांबली आणि ओशाळून हसली.

“विसरले, बाई.”

“दोन वर्षं विसरतेयस! नवऱ्याला अशी विसरली असतीस तर सुखी झाली असतीस.”

पोरी खिदळल्या. बाई हसल्या नाहीत. त्या लोबितो बंदरात वजनकाट्यावर कारकून होत्या. तरुणपणी प्रांताच्या संघातून बास्केटबॉल खेळल्या, मग गुडघा गेला. आता मासे वाळवणाऱ्या या आठ बायकांना शिकवत होत्या. अकरा सामने, अकरा पराभव. हल्ली घामाचा आणि खाऱ्या माशांचा तो वास आला, तरी त्यांचं डोकं उठे.

शहराच्या वाढदिवसाची स्पर्धा जवळ आली, तेव्हा नगरपालिकेचे क्रीडा अधिकारी अडेरितो स्वतः आले.

“बाई, गव्हर्नर येणारेत. घरचा संघ चार गुणांवर आटोपला तर माझं तोंड काळं. राजधानीतून, लुआंडाहून एक पोरगी आणलीय. सहा फूट! नाव तेवढं तुमच्या एखादीचं लावू.”

“आणि माझी पोरगी?”

“बसेल की वर प्रेक्षकांत. टाळ्या वाजवायला माणसं लागतातच.”

बाईंना त्याच्या दातांतल्या शेंगदाण्याची किळस आली. तरी नाही म्हणवलं नाही. एकदा, फक्त एकदा जिंकायचं होतं.

नाव जोझेफाचं द्यायचं ठरलं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला तसं सांगितलं.

“आई येणारे बघायला,” ती म्हणाली. “तिला नीट दिसत नाही. नाव ऐकायला येणारे.”

“मग ऐकेल की. तू मागे कुठेतरी गप्प बस.”

सामन्याच्या दिवशी लुआंडाची पोरगी शेजारच्या बेंगेलाच्या संघाला नुसती झोडपत होती. कर्ण्यातून आवाज घुमे, “आठ नंबर, जोझेफा सापालो! आणखी दोन गुण!” दर वेळी वरच्या रांगेत एक म्हातारी उठे, लुगडं सावरून दोन पावलं नाचे आणि शेजारणींना सांगे, “माझी आहे! माझी पोटची!” तिच्या मागे तीन रांगा सोडून जोझेफा रविवारच्या झग्यात बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

चारपैकी तिसरं सत्र संपलं तेव्हा सतरा गुणांची आघाडी होती. अडेरितोंनी लांबून अंगठा दाखवला. बाईंना त्याची किळस आली, त्या टाळ्यांची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. त्या लंगडत गुणलेखकाच्या टेबलापाशी गेल्या.

“लिहून घ्या. आठ नंबर जोझेफा सापालो नाही. खरी जोझेफा वर बसलीय.”

पंचांनी सामना बेंगेलाला दिला. कर्ण्यावर कारणही सांगितलं. सगळं मैदान वळून वर जोझेफाकडे बघू लागलं. म्हातारी चाचपडत उठली.

“जोझेफा? इथेच होतीस? मग मी कुणासाठी नाचत होते गं?”

आईचा हात धरून जोझेफा पायऱ्या उतरली आणि बाईंकडे न बघता निघून गेली.

“एकदा जिंकत होतो, बाई!” कप्तान मार्सियाना थुंकून म्हणाली. “तेवढंही बघवलं नाही तुम्हाला? खरं बोलायचं होतं तर आधी बोलायचंत!”



बुधवारी सरावाला गेल्या तर मैदानाच्या फाटकाला नगरपालिकेचं नवं कुलूप. बाई फाटकाबाहेर मिठागराच्या रस्त्यावर थांबल्या. कुणी येईल असं त्यांना वाटत नव्हतं. मार्सियाना आली, फुगलेल्या तोंडाने. मग आणखी दोघी. सगळ्यांत शेवटी जोझेफा. तिने नमस्कार केला नाही.

“बास्केट कुठाय?” तिने विचारलं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्याकडेला सिमेंटचा एक मोडका ओटा होता. गुडघा धरत, शिव्या पुटपुटत त्या त्यावर चढल्या आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी बोटांत बोटं गुंतवून हातांचं कडं केलं.

“ही घ्या. टाका.”

जोझेफाने टाकलेला चेंडू पार पलीकडे मिठाच्या चिखलात गेला. तो आणायला ती सावकाश गेली, झग्याला पुसत सावकाश परत आली. बाईंचे हात अजून वरच होते.