मालकाचा शर्ट

माझा नवरा राखणीचे कुत्रे तयार करतो. कुत्रं मालकाकडे द्यायच्या आधी तो त्याच्यापुढे मालकाचा न धुतलेला शर्ट टाकतो. शर्टावर गुरगुरलं की ते नापास. या परीक्षेचा त्याला भारी तोरा.

माझी वाकडी झालेली बोटं तपासून डॉक्टरीणबाईंनी असंच काहीतरी सांगितलं. छातीत एक ग्रंथी असते. तिथे राखणदार पेशींना आपल्याच शरीराचे नमुने दाखवतात आणि अंगावर धावून जाणाऱ्या पेशी तिथेच मारल्या जातात. तरी काही निसटतात. त्यांना आवरणाऱ्याही पेशी असतात, पण माझ्या मेल्यांनी हात टेकलेत.

नवरा उसळला, "मग निसटलेल्या शोधून काढा ना!"

"एकेक वेचता येत नाही. औषधाने सगळ्यांनाच ढिलं करायचं, चांगल्यांनाही. कायमचं."

घरी आल्यावर तो माझ्या स्वेटरची बटणं काढू लागला. मला आता जमत नाही.

"अहो, कुत्रं मालकालाच चावलं तर काय करता?"

"मालकापासून लांब नेतो."

"मग न्या," मी म्हटलं, "मला माझ्यापासून लांब."